माळ्यावरचा गेमबॉय: उघडायचा कसा, चालू कसा करायचा आणि त्यात आपला गेम कसा घालायचा

माळा आवरताना एखादा हातातला गेम सापडतो. सेल घालून बघितले जातात, काही होत नाही, आणि 'गेला' म्हणून तो भंगारात जातो. खरं तर या यंत्रांची मुख्य चिप सहसा जात नाही. जातं ते सेलपासून चिपपर्यंतच्या वाटेतलं काहीतरी: गंजलेली पट्टी, मळलेला स्विच, काळवंडलेले कार्ट्रिजचे (गेमच्या डबीचे) दात, सुटलेली रिबन (चपटी वायरपट्टी). म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम असा आहे की आधी पुसायचं, मग मोजायचं आणि सोल्डर सगळ्यात शेवटी तापवायचा. नवशिक्यांच्या हातून मरणारी बरीच यंत्रं हा क्रम उलटा केल्यामुळे मरतात.

हातात नेमकं काय आहे

सांगली-मिरजेकडच्या घरांत सापडणारं यंत्र बहुतेक वेळा 'ब्रिक गेम' असतं. जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळायचा तोच, १० बाय २० चौकोनांचा पडदा आणि वर '९९९९ इन १' असा थापा मारणारा स्टिकर. खरा, म्हणजे निंटेंडो कंपनीचा गेमबॉय असेल तर तो बहुधा आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून आलेला असतो. ओळखायचा तो असा.

जपानमध्ये १९८९च्या एप्रिलमध्ये आलेला पहिला गेमबॉय विटेसारखा जाड आणि राखाडी आहे. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि छटा फक्त चार. १९९६चा गेमबॉय पॉकेट बारीक आहे आणि त्यात रिमोटचे दोन बारके सेल बसतात. १९९८च्या कलरला दोन पेन्सिल सेल. २००१चा अ‍ॅडव्हान्स आडवा, खांद्यावर एल आणि आर बटणं, पडदा २४० बाय १६०, सेल पुन्हा दोनच. २००३चा एसपी मिटणाऱ्या डबीसारखा असून आत चार्जिंगची बॅटरी आहे. एसपीच्या पाठीवरच्या स्टिकरवर 'एजीएस-१०१' दिसलं तर नीट जपा, त्या मॉडेलचा मूळ पडदाच मागून उजळणारा आहे.

शिकण्यासाठी विकत घ्यायचाच असेल तर कलर किंवा अ‍ॅडव्हान्स घ्या. सुटे भाग सहज मिळतात आणि आत जागा मोकळी आहे. सेगाचा गेम गिअर (१९९०) स्वस्तात मिळाला तरी पहिलं काम म्हणून हात लावू नका. त्याचे कपॅसिटर गळतात. आवाज बारीक होत जातो, चित्र फिकं पडतं, आणि मग एकेक करून सगळेच बदलावे लागतात. ते दहाव्या यंत्राचं काम आहे.

हत्यारं आणि सामान

वाय-टोकाचा, म्हणजे तीन पाकळ्यांच्या खाचेचा ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो. बाहेरचे स्क्रू या खाचेचे, आतले साधे चौफुलीचे. चपट्या पेचकसाने ट्राय-विंग फिरवायचा मोह टाळा. डोकं गुळगुळीत झालं की तो स्क्रू ड्रिलनेच निघतो. जुन्या गेमबॉयची कार्ट्रिज उघडायला ३.८ मिलिमीटरचं गेमबिट (त्या स्क्रूंसाठीचं खास टोक) लागतं, अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला पुन्हा ट्राय-विंगच.

मल्टिमीटर अगदी साधा चालतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (दुकानात 'आयपीए' म्हणून मागा), कापसाच्या काड्या, जुना मऊ टूथब्रश, चिमटा, कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी). सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं पुरतं, तापमान ठरवता येणारं असेल तर उत्तम. सोल्डर वायर ६०/४०ची आणि फ्लक्स राळेचा. नळकाम किंवा पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स बोर्डला लावलात तर सहा महिन्यांत तांबं हिरवं होईल.

एक इशारा आपल्याकडचा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बोर्ड धुवायला 'थिनर' वापरतात आणि मागितलं तर तेच हातात देतात. उघड्या बोर्डवर ते खपून जातं, पण गेमबॉयच्या कव्हरला लागलं की प्लॅस्टिक विरघळून चिकट होतं आणि पडद्यावरची काच कायमची धुरकट होते. बाटलीवर आयपीए लिहिलंय का हे वाचल्याशिवाय घेऊ नका.

उघडण्याआधी

नवे अल्कलाइन सेल घाला. टीव्हीच्या रिमोटमधले अर्धे संपलेले नकोत. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असले तरी गेमबॉयला चालतात. यंत्र चालू करून ते चालू असल्याचा बारीक दिवा बघा.

दिवा लागतच नसेल तर दोष सेलच्या पट्टीत किंवा स्विचमध्ये. दिवा लागून लगेच मंदावत असेल तर बहुतेक स्विचच. दिवा ठणठणीत पण पडदा कोरा असेल तर आधी आवाज येतो का ऐका. सुरुवातीचा 'टिंग' ऐकू आला म्हणजे यंत्र जिवंत आहे, दोष फक्त पडद्याच्या बाजूला.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे सुरुवातीला वरून खाली सरकत येणारं निंटेंडोचं नाव. हे नाव यंत्र कार्ट्रिजमधून वाचतं आणि आपल्याकडच्या नावाशी ताडून बघतं. दोन्ही जुळली नाहीत तर तिथेच थांबतं. त्यामुळे पहिल्या गेमबॉयवर किंवा पॉकेटवर नावाऐवजी काळा ठोकळा खाली आला तर कार्ट्रिज अजिबात वाचली जात नाही. नाव आलं पण अक्षरं तुटकी-फुटकी असतील तर काही दात वाचले जातायत, काही नाहीत, म्हणजे नुसता मळ. अ‍ॅडव्हान्समध्ये अ‍ॅडव्हान्सचीच कार्ट्रिज घातली असताना 'गेम बॉय' हे शब्द येऊन खाली 'निंटेंडो' उमटलंच नाही, तर अर्थ तोच.

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच असते. थुंकीची वाफ दातांवर बसते आणि तांबं आणखी काळं पडतं. काडीवर आयपीए घेऊन दात पुसा. काडी काळी होणं थांबेपर्यंत, तीन-चार काड्या तरी. दोन मिनिटं सुकू द्या आणि पुन्हा लावा. 'बंद' यंत्रांपैकी कितीतरी इथेच चालू होतात आणि स्क्रूड्रायव्हर डबीतच राहतो.

उघडणं

सेल आणि कार्ट्रिज काढा. पंखा बंद करा, हा नियम पुढे पडदा बसवताना तर फारच महत्त्वाचा आहे. खाली पांढरा टॉवेल पसरा म्हणजे पडलेला स्क्रू उडी मारून पलंगाखाली जात नाही.

पहिल्या गेमबॉयला सहा ट्राय-विंग स्क्रू आहेत, त्यातले दोन सेलच्या कप्प्यात. तेच विसरतात आणि मग कव्हर उचकटताना कड तुटते. हे यंत्र दोन बोर्डांचं आहे. पुढचा आणि मागचा अर्धा एका चपट्या रिबनने जोडलेले असतात, म्हणून पुस्तकासारखं हळूच उघडा आणि रिबन सरळ वर ओढून सोडवा. अ‍ॅडव्हान्सला सहा ट्राय-विंग आणि सेलच्या कप्प्यात एक चौफुलीचा. मागचं कव्हर उचलताच एल आणि आर बटणं त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगसह निसटतात. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा असं प्रत्येक जण ठरवतो आणि स्प्रिंग पडल्यावर काढतो.

परत लावताना स्क्रू आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, हळू फिरवा. 'टक' असा बारीक आवाज आला की जुन्या आट्यात बसला, मग आवळा. सरळ दाबून फिरवलात तर प्लॅस्टिकचा आटा मरतो.

गळलेले सेल

आपल्याकडे दोन जातींचे पेन्सिल सेल चालतात आणि त्यांचं गळणं वेगळं असतं. महागडा अल्कलाइन गळला की पांढरी, भुसभुशीत पपडी धरते. ती अल्कधर्मी असते, तिला पांढरं व्हिनेगर लागतं. किराणा दुकानातला स्वस्त झिंक-कार्बन सेल गळला की तपकिरी, ओलसर, चिकट घाण येते. ती आम्लधर्मी असते. तिच्यावर व्हिनेगर ओतणं म्हणजे आगीत तेल. तिथे चमचाभर पाण्यात चिमूट खायचा सोडा.

काडीने लावा. फेस आला म्हणजे काम चाललंय. फेस थांबला की पुसा, मग साध्या पाण्याची ओली काडी, मग आयपीए. पट्टीवरचा चकाकणारा मुलामा गेला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. तरीही वीज पुढे जात नसेल तर पट्टीपासून बोर्डवर जाणारा जोड तपासा. गळती आतून सरपटत तिथवर जाते आणि वरून सगळं स्वच्छ दिसतं. मल्टिमीटर 'टीं' वाजणाऱ्या खुणेवर ठेवा, एक टोक पट्टीला, दुसरं बोर्डवरच्या जोडाला. वाजला नाही तर तो जोड नव्याने सोल्डर करा.

स्विच

कलर आणि अ‍ॅडव्हान्स यांचा मानाचा आजार. सरकत्या स्विचच्या आत गंज बसतो, त्यात व्होल्टेज खाल्लं जातं, आणि नवे सेल घातले तरी यंत्र अर्ध्या तासात बंद पडतं. माणूस सेलला शिव्या देत राहतो.

स्विचच्या फटीत आयपीएचे दोन-तीन थेंब सोडा आणि सेल न घालता तो चाळीसेक वेळा पुढे-मागे करा. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. सुकल्यावर सेल घालून स्विचच्या आधी आणि नंतर व्होल्टेज मोजा. फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त राहिला तर आणखी एक फेरी. तीन फेऱ्यांनंतरही तेच असेल तर स्विच बदलायचा. त्यात डब्ल्यूडी-४० वगैरे तेल मारू नका. आज चालेल, पण त्यावर धूळ बसली की पुन्हा मूळपदावर.

बटणं दाबली जात नसतील तर रबराच्या पॅडखालचा काळा कार्बनचा ठिपका आणि बोर्डवरची त्याच्यासमोरची नक्षी आयपीएने हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर इथे अजिबात नको, कार्बन गेला की बटण गेलं.

पडदा

पहिल्या गेमबॉयच्या पडद्यावर उभ्या रेघा गायब होणं हा ठरलेला दोष आहे. काच आणि बोर्ड यांना जोडणारी रिबन उष्णतेने दाबून चिकटवलेली असते, तो चिकटा वर्षांनुवर्षांनी सुटतो. उभ्या रेघा गेल्या असतील तर दोष काचेखालच्या रिबनमध्ये, आडव्या गेल्या असतील तर बाजूच्या. उपाय असा की यंत्र चालू ठेवून, पुढचा बोर्ड उघडा असताना, सोल्डरिंग आयर्नचं स्वच्छ टोक कमीत कमी तापमानावर त्या जोडपट्टीवरून हळू सरकवायचं. रेघ परतताना डोळ्यांसमोर दिसते. एका जागी थांबलात की रिबन जळते आणि एकाच्या जागी पाच रेघा जातात. तापमान ठरवता न येणारं आयर्न या कामाला वापरू नका. दुसऱ्याचं मागून आणा.

अ‍ॅडव्हान्सची गोष्ट निराळी. त्याच्या मूळ पडद्याला दिवाच नाही. खिडकीशी किंवा ट्यूबलाइटखाली तिरका धरला तरच दिसतो. म्हणूनच हौशी मंडळींनी आणि छोट्या कारखान्यांनी मिळून त्यासाठी उजळ आयपीएस (हा पडद्याचा प्रकार, आयपीए नव्हे) पडद्यांचे किट तयार केले, आणि २००१च्या यंत्रात नवीन पडदा बसवणं हे आज या छंदाचं प्रवेशद्वार झालंय. किट बहुधा परदेशातून मागवावं लागतं, कस्टम्स आणि दोन-तीन आठवड्यांची वाट धरून चाला.

मागवण्यापूर्वी यंत्र उघडून पडद्याची रिबन जिथे शिरते तो कनेक्टर बघा. सुरुवातीच्या बोर्डांवर ४० पिनांचा, नंतरच्यांवर ३२ पिनांचा असतो. बऱ्याच किटमध्ये दोन्ही रिबन येतात, पण सगळ्यांत नाही. दुसरा प्रश्न कव्हरचा. आयपीएस पडदा मूळ पडद्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे मूळ कव्हरच्या आतल्या कडा निपरने कापून कानशीने घासाव्या लागतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडी अंमळ तासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा तासतो, कारण तासलेलं परत येत नाही. इथे तोच हिशोब: दोन मिलिमीटर कापा, पडदा ठेवून बघा, पुन्हा कापा. पहिल्याच वेळी हे नको वाटत असेल तर 'आयपीएस रेडी' कव्हर घ्या. मूळ कव्हर फेकू नका, वर्षभराने हात बसला की त्याचीच किंमत कळते.

मग क्रम असा:

१. मागचं कव्हर काढा. बोर्डचे तीन चौफुली स्क्रू काढा.

२. रिबनच्या कनेक्टरची कुलूपपट्टी दोन्ही टोकांना नखाने एकेक मिलिमीटर बाहेर सरकवा. ती निघून येत नाही, फक्त सैल होते. ओढून काढलीत तर मोडलीच.

३. जुनी रिबन सरळ बाहेर काढा, बोर्ड उचला, जुना पडदा सोडवा आणि डबीत ठेवा.

४. नवी रिबन बोर्डात घाला. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. मग कुलूपपट्टी आत दाबा.

५. काहीही चिकटवण्याआधी चाचणी. बोर्ड मागच्या कव्हरवर नुसता टेकवून, सेल घालून, चालू करा. चित्र आलं तरच पुढे जा.

६. पडद्याच्या पाठीवर कॅप्टॉन टेप. धातूची पाठ बोर्डवरच्या जोडांना टेकली की शॉर्ट होतो.

७. काचेवरचं आणि पडद्यावरचं संरक्षक फिल्म अगदी शेवटी सोला, एकापाठोपाठ एक, आणि लगेच बसवा. पंखा बंद आहे ना?

८. उजेड बटणांनी कमी-जास्त करायचा असेल तर किटच्या तीन बारीक तारा बोर्डवरच्या चाचणी-बिंदूंना सोल्डर कराव्या लागतात: टीपी२ला सिलेक्ट, टीपी८ला आर, टीपी९ला एल. हे केलं नाही तरी पडदा चालतो, म्हणून पहिल्या दिवशी सोडून दिलंत तर काही बिघडत नाही.

पडदा पांढरा किंवा कोरा राहिला तर रिबन पूर्ण बसलेली नाही. रंग विचित्र किंवा रेघा असतील तर ती तिरकी शिरली आहे. चित्र येतं पण उजेड वाढवताच यंत्र बंद पडतं, तर नव्या पडद्याला जास्त वीज लागते आणि ती मळलेल्या स्विचमधून येत नाही. वरचा स्विचचा भाग वाचायचा कंटाळा केला असेल तर आता वाचा.

सेव्ह राहत नाही

जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद एका नाण्याएवढ्या सेलवर जिवंत राहते. तो सेल कधी ना कधी संपतोच. कार्ट्रिज उघडून जुन्या सेलवरचा नंबर वाचा, सीआर१६१६ किंवा सीआर२०२५ असा काही असतो, आणि त्याच नंबरचा पट्ट्या लावलेला सेल आणा. नुसत्या सेलला थेट सोल्डर लावू नका, आतून तापला की तो फुटतो. जुना काढला की साठवलेला खेळ पुसला जातो. तो हवा असेल तर आधी यूएसबीवर चालणाऱ्या कार्ट्रिज-रीडरने (जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हा नावाजलेला) कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. अ‍ॅडव्हान्सच्या काही कार्ट्रिजमध्ये मात्र सेल फक्त घड्याळासाठी असतो आणि नोंद वेगळ्या चिपमध्ये राहते, तिथे ही भीती नाही.

विकत घेताना नकली ओळखायची एक सोपी खूण: अ‍ॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये दातांच्या जरा वर, बोर्डवरच, बारीक अक्षरांत कंपनीचं नाव छापलेलं दिसतं.

ब्रिक गेमसाठी

आतमध्ये काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप आहे. ती गेली तर उपाय नाही. पण पडद्याचे अर्धे चौकोन दिसेनासे झाले असतील तर दोष काचेच्या कडेला दाबून बसवलेल्या गुलाबी-करड्या रबरी पट्टीचा असतो. तिला झेब्रा पट्टी म्हणतात, तिच्यात वीज नेणारे आणि न नेणारे पातळ थर आलटून-पालटून असतात. काढा, पट्टी आणि बोर्डवरच्या खुणा आयपीएने पुसा, तशीच सरळ परत बसवा, बोर्डचे स्क्रू सारखे आवळा. तासाभराचं काम, आणि हात साफ करायला याहून स्वस्त यंत्र नाही.

पिवळं पडलेलं कव्हर

हळदीच्या पेठेतलं यंत्र म्हणून ते पिवळं झालेलं नाही. जुन्या प्लॅस्टिकवर ऊन आणि हवेचा परिणाम होऊन तो रंग येतो. ब्युटी पार्लरच्या सामानात मिळणारी '४० व्हॉल्यूम' डेव्हलपर क्रीम, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हातमोजे घालून नुसत्या कव्हरला (बोर्ड, बटणं, स्टिकर काढून) जाडसर लावा, वर स्वयंपाकाची क्लिंग फिल्म गुंडाळा आणि उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाने फिरवा आणि क्रीम सारखी पसरवा, सुकली तिथे पांढरे डाग पडतात. चार ते सहा तास. एप्रिल-मे मधलं सांगलीचं दुपारचं ऊन यासाठी जास्तच होतं, पातळ कव्हर वाकतं. सकाळचं ऊन घ्या, किंवा हिवाळ्यात करा.

पाऊस आणि पूर

पावसाळ्यात सेल यंत्रात ठेवू नका आणि डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी चढल्याच्या बातम्या येऊ लागल्या की भांडी-कागदांबरोबर ही डबीही वर न्या. २०१९ आणि २०२१च्या पुरात कितीतरी घरांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं गाळात गेली आणि त्यांतली बरीचशी नंतर घाईने चालू करून बघितल्यामुळे मेली.

बुडालेलं यंत्र चालू करू नका. सेल काढा, पूर्ण उघडा. गाळ सुकण्याआधी बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी चालतं. टूथब्रशने चिपच्या पायांमधली माती काढा. मग आयपीएने दोनदा धुवा, म्हणजे अडकलेलं पाणी त्याच्याबरोबर उडून जातं. पडद्याची काच आणि स्पीकर मात्र बुडवू नका, ते फक्त पुसा. दोन दिवस पंख्याखाली, उन्हात नव्हे. तांदळाच्या डब्यात घालून उपयोग नाही, तांदूळ गाळ शोषत नाही.

आता आपला गेम

यंत्र चालू झालं की त्यात काय खेळायचं हा प्रश्न येतो, आणि इथेच या छंदातली खरी गंमत आहे. जगभरचे हौशी लोक आजही गेमबॉयसाठी नवे गेम लिहितात. जुने कंपन्यांचे गेम नेटवरून उतरवणं बेकायदेशीर आहे, त्या वाटेला जाऊ नका. हौशी लोकांनी स्वतः मोफत ठेवलेले गेम भरपूर आहेत. पण स्वतःचा करून बघा. जीबी स्टुडिओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर ख्रिस मॉल्टबी यांनी २०१९मध्ये आणलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी अडत नाही.

त्यात 'सीन' म्हणजे एक जागा. तिला पार्श्वभूमीचं चित्र लागतं, कमीत कमी १६० बाय १४४ आणि मापं ८च्या पटीत. सॉफ्टवेअर नमुन्यादाखल देतं त्याच चार हिरवट छटा वापरा. स्वतःच्या मनाच्या छटा वापरल्या की त्या जवळच्या छटेत ढकलल्या जातात आणि चित्र चिखल होतं. चित्रावर भिंती कुठे आहेत ते चौकोन रंगवून सांगायचं, मग पात्रं ठेवायची, आणि पात्राशी बोललं की काय व्हावं ते यादीतून निवडायचं. एका ओळीत दहापेक्षा जास्त हलते तुकडे आले की बाकीचे दिसेनासे होतात. हा यंत्राचाच नियम आहे, तुमची चूक नव्हे.

नवशिका अडकतो तो टाइल्सच्या मर्यादेत. चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांत मोडलं जातं आणि एका सीनमध्ये वेगवेगळे तुकडे १९२च चालतात. अख्खा पडदा २० बाय १८, म्हणजे ३६० तुकड्यांचा. फोटो लहान करून टाकलात तर मर्यादा लगेच ओलांडली जाते. पण कृष्णेचा घाट आणि मागे आयर्विन पूल काढायचा असेल तर एकच कमान नीट काढा आणि तीच पुन्हा पुन्हा ठेवा. पाण्याच्या दोन टाइल्स, घाटाच्या पायरीच्या तीन, आकाश एक. पन्नाससाठ तुकड्यांत सांगली उभी राहते.

मराठी अक्षरांचं गणितही याच टाइल्समध्ये आहे. सोबत येणारा फॉन्ट रोमन असतो, एक अक्षर एक टाइल. देवनागरीला ८ ठिपक्यांची उंची पुरत नाही: वर वेलांटी-रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. म्हणून मजकूर चित्रातच काढा आणि उंचीला १६ ठिपके घ्या, वरचे चार मात्रांना, मधले आठ अक्षराला, खालचे चार उकाराला. मग पूर्ण रुंदीची एक ओळ दोन रांगांची, म्हणजे ४० टाइल्स. चार ओळी १६० टाइल्स, आणि मर्यादेत ३२ उरतात. पाचवी ओळ घातलीत की २००, गेलं. वाचवायची युक्ती अशी की प्रत्येक अक्षर ८च्या पटीच्या जागेवरच सुरू करा. तेव्हा 'का' दहादा आला तरी त्याच टाइल्स पुन्हा वापरल्या जातात. दोन ठिपके इकडेतिकडे सरकला की यंत्राच्या लेखी तो नवा तुकडा. शिरोरेषा शब्दभर अखंड ओढा, पण शब्दांमधली मोकळी जागा पूर्ण रिकामी टाइल ठेवा, सगळ्या मोकळ्या जागा मिळून एकच धरली जाते.

आवाजाचे चार चॅनेल आहेत: दोन चौकोनी लहरींचे, एक वेव्हचा, एक नॉईजचा. हलगीची थाप नॉईजवर झकास जमते, सनईचं मात्र कौतुक करून घेऊ नका.

पहिला गेम एका सीनचा ठेवा. घाटावर एक माणूस, एक भडंगाची गाडी, भडंग मागितलं की दोन वाक्यं. 'एक्सपोर्ट रॉम' केल्यावर मिळणारी जीबी फाईल आधी कॉम्प्युटरवर एमजीबीएसारख्या एम्युलेटरमध्ये (गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून बघा. मग एव्हरड्राइव्ह किंवा ईझेड-फ्लॅश ज्युनियर यांसारखी फ्लॅश कार्ट्रिज, त्यात एफएटी३२ने फॉरमॅट केलेलं मायक्रोएसडी कार्ड, आणि कार्डवर फाईल. अ‍ॅडव्हान्स आणि एसपी जुन्या गेमबॉयच्या कार्ट्रिजही चालवतात, त्यामुळे वर दुरुस्त केलेला कुठलाही गेमबॉय चालेल. कार्ट्रिज अ‍ॅडव्हान्समधून अर्धी बाहेर डोकावते, ती तशीच असते, दाबू नका. फाईल यादीत दिसत नसेल तर फाईलचं नाव इंग्रजीत आणि आखूड करून पुन्हा टाका.